काटा खाली येईपर्यंत

मालवणात भरड नाक्याच्या पुढे, माडाच्या झापांनी शाकारलेल्या खोपटवजा मांगरात सेलेस्तीन मेस्त्रीचं गॅरेज होतं. माणूस हसरा, पण उकळत्या पाण्याला बिचकायचा. चुलीवरच्या हंड्याचं झाकणसुद्धा तो स्वतः कधी उचलत नसे. जेसिंताला, बायकोला, हाक मारायचा. म्हापशात ज्या बाबुश उस्तादाकडे तो काम शिकला, त्यानं एकदा तापलेल्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण घाईनं उघडलं होतं. तेव्हापासून उस्ताद भिंतीला हात लावत चालायचा.

दाजी तांडेलांनी आपली जुनी मिलिटरी लॉरी आणून उभी केली, ते चौसष्ट साल असावं. सुंगटं आणि सुरमई बर्फात घालून घाटावर न्यायची ही लॉरी. तिचं पेट्रोलचं इंजिन कायमचं बंद पडलं होतं, म्हणून दाजींनी दुसऱ्या लॉरीचं डिझेल इंजिन आणलं होतं, रेडिएटरसकट. इंजिन लांबीला जास्त निघालं. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा बसवायला जागाच उरली नाही.

सेलेस्तीननं मोडीतल्या गाडीची विजेची मोटर शोधली, पत्र्याची पाती कापली आणि पंखा रेडिएटरच्या पुढून बसवला. दाजींपुढे एक बटण आणि उष्णता दाखवणारा काटा. किल्ली फिरवून इंजिन बंद केलं तरी पंखा फिरत राहावा, म्हणून पंख्याची तार त्यानं थेट बॅटरीला जोडली. काट्याची तार मात्र, इतर सगळ्या तारांसारखी, किल्लीवरच घेतली. तेवढ्याचा त्यानं पुन्हा विचार केला नाही.

"दाजीनू, ह्या झाकणाक स्प्रिंग आसा. वाफ आत दाबून धरता. काटो खाली येयसर पंखो बंद करू नकात, आणि झाकणाक हात लावू नकात."

"अरे, आमच्या राधाबायच्या डोक्याक असो पंखो बसव मरे," दाजी हसले. "ती माझ्यार तापली की निवता निवत नाय!"

गॅरेजातले सगळे हसले. सेलेस्तीन हसला नाही. घाटातल्या वळणावर राखणदार देवाचा दगड होता. दाजी तिथे थांबून नारळ फोडत; अर्धं पाणी दगडावर, अर्धं रेडिएटरमध्ये. गाडीलाही तीर्थ पाहिजे, असं ते म्हणत. जुन्या रेडिएटरचं झाकण साधं, सैल. इतकी वर्षं काही झालं नव्हतं.

"यंदा तीर्थ चाकार घाला," सेलेस्तीन म्हणाला.

"चाकार? चिखलात? खुळो मां तू?"

म्हणून पहिल्या खेपेला तो स्वतःच शेजारी बसला. घाटाखालच्या फोंड्याच्या बाजारात चहा झाला, घाट सुरू झाला. काटा चढू लागला. सेलेस्तीननं बटण दाबलं, पंखा घरघरला, काटा जरा थबकला, पुन्हा चढला. रस्त्यावर दुसरी गाडी नव्हती. ऊन असूनही जंगलात एक पाखरू बोलत नव्हतं, आणि एरवी भजन म्हणत गाडी हाकणारे दाजीही आज भजन सोडून काट्याकडे बघत होते.

राखणदारापाशी लॉरी थांबली. पाणी लागेल म्हणून सेलेस्तीन डबा घेऊन खालच्या झऱ्यावर गेला. जाताना म्हणाला, "ध्यानात आसा मां?"

"आसा रे बाबा. काटो खाली येयसर."

देवासमोर इंजिनाचा आवाज नको, म्हणून दाजींनी नेहमीप्रमाणे किल्ली काढली. पंखा चालूच राहिला. डबा भरताना सेलेस्तीनला ती घरघर ऐकू येत होती. जोवर ती ऐकू येत होती तोवर त्याला धीर होता.

डबा अर्धा भरला आणि घरघर थांबली.

इतक्यात कशी थांबली? एवढं तापलेलं पाणी इतक्यात निवणार नाही. काटा खाली आल्याशिवाय दाजी बटणाला हात लावायचे नाहीत, शब्दाचा माणूस. मग काटा... आणि मग त्याला ती किल्लीवरची तार आठवली. किल्ली काढली की काटा आपसूक तळाला जातो, पाणी कितीही उकळत असो.

"दाजीनू! झाकण नको!"

तो दगडांवरून धडपडत वर निघाला. नारळ फुटल्याचा आवाज आला. नंतर जे ओरडणं आलं, ते सेलेस्तीननं आयुष्यात पूर्वी एकदाच ऐकलं होतं, म्हापशात.

दाजींचा उजवा डोळा गेला. डाव्याला धुरकट दिसायचं. कोल्हापूरच्या इस्पितळात राधाबाई उशाशी बसलेल्या असताना दाजी त्याला एवढंच म्हणाले, "सेलू, काटो खाली इल्लो रे. मी बघलंय." त्यात राग नव्हता. म्हणूनच ते सहन होईना.

गॅरेजला त्यानं कुलूप लावलं. जेसिंता रडली, भांडली. मेस्त्रीचा ड्रायव्हर झाला आणि दाजींची लॉरी घाटावर नेऊ लागला. काट्याची तार त्यानं बदलली होती, तरी काट्यावर त्याचा विश्वास उरला नव्हता.

शेजारी मांडीवर नारळ घेऊन दाजी बसत. राखणदारापाशी विचारत, "काटो खंय आसा रे, सेलू?"

सेलेस्तीन काट्याकडे बघायचाच नाही. पंखा देवासमोर घरघरत ठेवून तो खाली उतरायचा, रेडिएटरवर पालथा हात टेकायचा, चटका बसला की काढायचा, पुन्हा टेकायचा. हात तिथे टिकून राहीपर्यंत दाजी नारळ घट्ट धरून, रस्त्याकडे तोंड करून वाट बघत बसत.