चारशे बारा फूट सात इंच

माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली तोवर मामंजींबद्दल, म्हणजे माझ्या सासऱ्यांबद्दल, मला एवढंच ठाऊक होतं की ते जमीनमोजणीच्या खात्यात मोजणीदार आहेत, बोलतात कमी, आणि घरात पडदे शिवायचे असले की खिडकीचं माप स्वतः घेतात, शिंप्यावर सोडत नाहीत. तरुणपणी ते लढाईवर गेले होते आणि काही महिने शत्रूच्या कैदेत होते, हे सासूबाईंनी एकदा भाजी निवडता निवडता सांगितलं होतं. मग सुटले कसे, असं मी विचारलं तर त्या म्हणाल्या, "चालत आले." मला वाटलं, थट्टा करताहेत.

एका रविवारी दुपारी एक धिप्पाड गृहस्थ दारात उभे राहिले. मामंजींनी त्यांना पाहिलं आणि ते पळत दारापर्यंत गेले, जे मी आजवर कधी पाहिलं नव्हतं. हे त्यांचे कैदेतले सोबती, धंद्याने सुतार. आम्ही त्यांना पुढे सुतारकाकाच म्हणत आलो. मामंजींच्या पोटातली गोष्ट त्या दुपारी सुतारकाकांच्या तोंडून बाहेर आली. मामंजी शेजारी बसून चष्मा पुसत होते आणि फक्त आकडे चुकले की दुरुस्त करत होते.

कैद्यांची छावणी होती एका बंद पडलेल्या कापडगिरणीत. उंच धुराडं, तीन लांबच लांब पत्र्याच्या शेड, सभोवती तारांचं दुहेरी कुंपण, आणि बाहेर पडायला एकच मोठा दरवाजा. आत तीनशे माणसं. सकाळी सातला मोजणी, संध्याकाळी सहाला मोजणी. मामंजी तिथे गेले तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते आणि घरी सासूबाई पहिलटकरीण होत्या.

पळायचे प्रयत्न त्याआधी झाले होते. दुसऱ्या शेडमधल्या लोकांनी दोन महिने खपून जमिनीखालून भुयार काढलं, ते कुंपणाला चार हात कमी असताना खचलं. एकजण कचऱ्याच्या गाडीत दडून बसला. त्याला दरवाज्यावर संगिनीने कचरा टोचणाऱ्या शिपायाने बाहेर काढलं, दंडाला जखम घेऊन. त्यानंतर कुत्री आली, तारा वाढल्या, आणि माणसांनी आशा सोडून दिली. सुतारकाका म्हणाले, त्यांनी स्वतःही सोडली होती.

मग एक दिवस गटार बांधायचं म्हणून दोन सरकारी मोजणीदार छावणीत आले. करडे कोट, तिपाई, लाल-पांढऱ्या काठ्या, कापडी टेप. कैदी आपापल्या उद्योगात होते. मामंजी मात्र दिवसभर त्या दोघांकडे टक लावून बघत बसले. आपलं काम दुसऱ्याला करताना बघायची सवय, दुसरं काय. संध्याकाळी ते सुतारकाकांजवळ येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "त्यांच्या तोंडाकडे कुणीच बघितलं नाही. सगळे तिपाईकडे बघत होते."

सुतारकाकांना अर्थ लागायला थोडा वेळ लागला. लागला तेव्हा ते खाटेचे पाय चाचपून बघू लागले.

तिपाई त्यांनी खाटेच्या पायांची केली. वर पत्र्याचा डबा, त्याला पुढे एका कैद्याच्या फुटक्या चष्म्याची काच. लांबून हुबेहूब दुर्बीण. काठ्यांना चुना आणि विटेची भुकटी. शिवणकाम येणाऱ्या एका कैद्याने घोंगडीच्या अस्तरातून दोन कोट शिवले आणि चुलीच्या राखेच्या पाण्यात उकळून करडे केले. एवढं सगळं तीन आठवड्यांत झालं. टेपेला मात्र सात आठवडे लागले.

कारण मामंजींना टेप खरी हवी होती. चादरीच्या पट्ट्या जोडून शंभर फूट लांबी, पेजेची खळ, वर तेलाचा हात, आणि त्यावर एकेक इंच शाईने आखलेला. इंच आणायचा कुठून? गिरणीतल्या एका जुन्या मागाच्या लोखंडी पायावर त्याची लांबी कोरलेली होती, तिच्यावरून त्यांनी फूट काढला, त्यावरून इंच. एकदा चाळीस फुटांपर्यंत आल्यावर त्यांना कळलं की सव्विसाव्या फुटात पाव इंचाची चूक आहे. त्यांनी तेवढी पट्टी उसवली आणि पुन्हा आखायला बसले.

सुतारकाकांचा तोल सुटला. "मोजणीदार, आपल्याला इथून पळायचंय. प्लॉट पाडून विकायचे नाहीत."

मामंजी सुई न थांबवता म्हणाले, "खोटी टेप हातात असली की हातही खोटा दिसतो."

मग त्यांनी मोजायला सुरुवात केली. पळायला नव्हे, नुसतं मोजायला. कोट न घालता, शेडच्या मागच्या बाजूला, रोज थोडं थोडं. पहारेकऱ्यांना वाटलं, कैदेत या माणसाच्या डोक्यावर परिणाम झालाय. हसून हसून शेवटी त्यांना त्याची सवय झाली. दरम्यान मामंजींनी दरवाज्यावरचा पहारा पाठ केला. दुपारी बाराला शिपाई बदलतो. नवीन शिपायाला सकाळी आत कोण आलं हे माहीत नसतं. आणि शत्रूची भाषा मामंजींना चांगली येत होती, कारण त्यांचं आजोळ सीमेला लागून होतं. बोबडे बोल ते दोन भाषांत शिकले होते.

ज्या दिवशी निघाले, त्या दिवशी सव्वाबाराला धुराड्याच्या पायथ्याशी तिपाई उभी राहिली. लख्ख ऊन. अंगात करडे कोट. मामंजी आकडे ओरडून सांगत होते, सुतारकाका वहीत लिहीत होते. शंभर, दोनशे, तीनशे. वाटेत कुत्रं घेतलेला एक पहारेकरी बाजूला सरला. तीनशे माणसांपैकी निदान पन्नास जणांनी त्यांना ओळखलं, आणि पन्नासच्या पन्नास जणांनी मान फिरवून आपापलं काम चालू ठेवलं. सुतारकाका म्हणाले, समोर ते दोन फुटांवर एवढं कपाळाला आठ्या घालून माप वाचत होते की मला वाटलं, हे विसरले की काय, आपण कशाला निघालोय.

दरवाज्यावरचा शिपाई तिशीचा, बाकदार नाकाचा माणूस होता. मामंजींनी त्याला काही विचारलं नाही. टेपेचं टोक त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, "जरा हे खांबाला धरून ठेवा. हलवू नका." त्याने धरलं. दोघं टेप सोडत दरवाज्याबाहेर पडले.

वीस फुटांवर असताना समोरून छावणीच्या साहेबाची जीप आली.

इथे सुतारकाका थांबले आणि पाणी प्यायले. मी मामंजींकडे पाहिलं. ते चष्म्याची दुसरी काच पुसत होते.

जीप टेपेवर येणार तोच मामंजींनी हात वर केला आणि साहेबाला म्हणाले, गाडी मागे घ्या, टेपेवरून चाक गेलं तर सकाळपासूनचं काम पाण्यात जाईल. साहेबाने जीप मागे घेतली. मग तो उतरला. हातात गटाराच्या कामाची फाइल होती. त्याने विचारलं की धुराड्यापासून दरवाज्यापर्यंत किती भरलं.

"चारशे बारा फूट, सात इंच," मामंजी म्हणाले.

साहेबाने फाइल उघडून नकाशावर बोट ठेवलं. "इथे चारशे बारा, सहा लिहिलंय."

"मग तुमच्या नकाशात एक इंच कमी आहे."

साहेबाने फाइल जीपच्या बॉनेटवर ठेवली. मग त्याने खिशातून पेन काढलं, सहाचा सात केला, आणि जीपमध्ये बसून आत निघून गेला.

मी आजवर धाडसाच्या ज्या गोष्टी ऐकल्या होत्या त्यांत माणसं उड्या मारतात, नदीत झेपावतात, गोळ्या चुकवतात. इथे माझे सासरे भर दुपारी शत्रूच्या दारात उभे राहून त्याच्या नकाशातली चूक दाखवत होते. हातात चादरीच्या पट्ट्या. माझ्या हातातला चहा गार झाला होता.

दरवाज्यापासून ब्याण्णव फुटांवर गोदामाच्या भिंतीला वळण होतं. वळणापलीकडे एक काटेरी झुडूप. मामंजींनी टेपेचं दुसरं टोक त्या झुडपाला ताणून बांधलं, म्हणजे शिपायाच्या हाताला ओढ लागत राहावी. मग काठ्या आणि तिपाई खांद्यावर घेऊन दोघं रस्त्याने चालू लागले. पळाले नाहीत. मोजणीदार कधी पळत नाहीत.

त्या शिपायाचं पुढे काय झालं, ते लढाई संपल्यावर सुटून आलेल्या कैद्यांनी सांगितलं. तो जवळजवळ तासभर खांबाला टेप धरून उभा होता. मग वळणापर्यंत गेला, झुडूप पाहिलं, टेप गुंडाळून कोटात खुपसली आणि परत येऊन गप्प उभा राहिला. सांगून स्वतःच्याच गळ्यात फास कोण घालून घेणार? संध्याकाळच्या मोजणीत दोन माणसं कमी भरली तेव्हा साहेबाने शिपायाचं तोंड बघितलं, त्याला आपली मागे घेतलेली जीप आठवली असणार, आणि त्याने लिहून टाकलं की दोघं तार कापून पळाले. लिहिलेलं खरं दिसावं म्हणून दुसऱ्या दिवशी आपल्याच माणसाकडून तार कापवूनही घेतली. शिपाई वाचला. हे कळलं त्या दिवशी मामंजी पहिल्यांदा पोटभर जेवले, असं सासूबाई म्हणाल्या. तोवर त्या शिपायाची काळजी त्यांना घास गिळू देत नव्हती.

"अकरा दिवस चाललो आम्ही," सुतारकाका म्हणाले.

"नऊ," मामंजी म्हणाले.

नऊ दिवस दोघं शत्रूच्या मुलखातून दिवसाउजेडी चालले, आणि वाटेत माणूस दिसला की तिपाई मांडून मोजायला लागले. कुणी हटकलं नाही. उलट लोक गाऱ्हाणी घेऊन येत. पाचव्या दिवशी एका गावात दोन भावांनी त्यांना अडवलं. बांधावरून दोघांचं बोलणं सहा वर्षं बंद होतं. सरकारी माणसं आलीच आहेत तर मोजून द्या म्हणाले. पारावर गावचा हवालदार बसलेला. सुतारकाकांनी डोळ्यांनी खूण केली, चला इथून. मामंजींनी कागद मागून घेतला.

दोरीला गाठी मारून त्यांनी अख्खं शेत मोजलं. अर्धा दिवस गेला. हवालदार सावलीत बसून बघत होता आणि सुतारकाकांच्या मते ते शेत जगातलं सर्वांत मोठं शेत होतं. शेवटी बांध धाकट्याच्या बाजूला दीड हात सरकलेला निघाला. मामंजींनी दोघांना बांधावर उभं करून आकडे समजावले. थोरल्याने मान खाली घातली आणि खुंटी स्वतः उपटून हलवली. त्या घरी दोघांना जेवायला घातलं, आणि दोन्ही भाऊ एका पंगतीला बसले. हवालदाराने त्यांना नदीपर्यंत पोचवलं आणि नावाड्याला दम दिला की ही सरकारी माणसं आहेत, नीट ने.

नावेत सुतारकाकांनी त्यांना झापलं. जीव धोक्यात घालून परक्याचं शेत मोजायची काय गरज होती? मामंजी म्हणाले, "त्यांचा बांध खरंच चुकला होता."

डोंगर ओलांडून आपल्या हद्दीत आले तर आपल्याच चौकीने त्यांना शत्रूचे हेर म्हणून दोन दिवस कोंडून ठेवलं. करडे कोट, शत्रूच्या भाषेतली वही, दुसरं काय समजणार? तिसऱ्या दिवशी पटलं. घरी पोचले तेव्हा माझे यजमान बावीस दिवसांचे होते.

सुतारकाका गेल्यावर मी मामंजींना विचारलं, तो एक इंच खरंच कमी होता का? त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "त्या सकाळी दव पडलं होतं. ओलं झालं की कापड आटतं. त्यांचाच नकाशा बरोबर असणार." आणि थोड्या वेळाने, "त्या बिचाऱ्या मोजणीदाराचा चांगला नकाशा मी बिघडवला." एवढ्या सगळ्यातून त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं ते हे.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. कचेरीच्या सभागृहात निरोपाचा छोटा कार्यक्रम होता, घरची मंडळीही बोलावली होती. मुख्य साहेब तरुण होते, भाषण लिहून आणलं होतं. ते म्हणाले, असा शांत, सरळमार्गी माणूस विरळा. आपण बरं नि आपलं काम बरं, उगाच कशात उडी घेणं नाही, आडवाटेला जाणं नाही, कधी कुणा वरिष्ठाला उलट शब्द नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामंजींनी उठून नमस्कार केला आणि खाली बसले.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर सुतारकाका होते. त्यांचे खांदे हलायला लागले. रुमाल तोंडाला लावून, खोकल्याचं निमित्त करून ते बाहेर गेले. मी जागची हलले नाही. पहिल्या रांगेत बसलेल्या त्या टक्कल पडलेल्या, हडकुळ्या माणसाची पाठ बघत राहिले, कार्यक्रम संपून खुर्च्या उचलायला लागेपर्यंत.