पगारे सरांचं पंधरावं वाक्य

सहादू भिकन पगारे यांना कविता कळायची. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून तुम्हाला तसं अजिबात वाटणार नाही.

आम्ही दोघं नाशिकच्या एका हायस्कूलमध्ये मास्तर. ते मराठीचे, मी चित्रकलेचा. म्हणजे शाळेच्या हिशेबी ते अर्धे मास्तर आणि मी पाव. गणितवाल्यांच्या घरी शिकवण्यांना रांगा लागत आणि आम्ही रिकाम्या तासाला चहा ढोसत बसायचो. पगारे सरांचा सदरा नेहमी कडक इस्त्रीचा, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. माणूस फार कमी बोलायचा. मी जास्त बोलतो, त्यामुळे आमचं जमलं.

सरांचा एक गुपचूप उद्योग होता. रविवार कारंज्याजवळ रंगनाथशेठ म्हणून प्रकाशक होते. दहावीचं मराठीचं गाईड काढायचे. त्यातली कवितांची सगळी उत्तरं पगारे सर लिहीत. कवितेचा आशय, प्रतिमा, कवीचा दृष्टिकोन, चार गुण. वर नाव मात्र छापलेलं असायचं ‘अनुभवी शिक्षक’. कारण बोर्डाचा नियम असा, की गाईड लिहिणाऱ्याला पेपर तपासता येत नाहीत. आणि सर तर दहा वर्षं बोर्डाचे परीक्षक. नुसते परीक्षक नव्हे, त्यांना नियामक व्हायचं होतं. परीक्षकांनी तपासलेले पेपर पुन्हा तपासतो तो नियामक. आयुष्यात त्यांनी एवढी एकच गोष्ट मागितली होती. मी म्हणायचो, “अहो, त्यात काय मिळतं?” ते म्हणायचे, “बोरस्ते सर, आजवर माझं सगळं दुसऱ्यांनी तपासलंय.”

तर गाईड. ते लिहायची सरांची युक्ती मी एकदा पकडली. त्यांच्या वहीत चौदा वाक्यं होती. नंबर घालून. ‘प्रस्तुत कवितेत कवीने तरल भावनांचे मनोहारी चित्रण केले आहे.’ ‘कवीची प्रतिमासृष्टी समृद्ध आहे.’ ‘निसर्ग आणि मानव यांतील अतूट नाते येथे प्रत्ययास येते.’ कविता नदीवर असो, आईवर असो, सीमेवरच्या जवानावर असो, ही चौदा वाक्यं वरखाली केली की उत्तर तयार. शिवाय बोर्डाचं नमुना उत्तरही असंच असायचं, त्यामुळे पोरांना चारपैकी तीन हमखास.

“सर, ही फसवणूक आहे,” मी म्हणालो.

“कुणाची?” ते म्हणाले. “कवी तक्रार करत नाही, पोरं पास होतात, पालक पेढे देतात. नाव सांगा कुणाची ते.”

मी वही मिटून परत दिली. चित्रकलेचा मास्तर पडलो ना.

एकोणऐंशी साली क्रमिक पुस्तकात एक जुनी कविता नव्याने आली. गावच्या विहिरीवरची. ती मोठ्या माणसांना शाळेपासून पाठ होती, लग्नाच्या जेवणावळीतसुद्धा कुणीतरी म्हणून दाखवायचा. रहाटाचा कुरकुर आवाज, दगडांवर ओली पावलं, उन्हात चमकणाऱ्या पितळी कळशा, काठावरून ओघळणारा एकच थेंब, अशी कविता. रंगनाथशेठना त्या वर्षी हौस आली, की गाईडात प्रत्येक कवितेला चित्र हवं. सरांनी ते काम मला दिलं.

विहिरीचं चित्र म्हणजे माझ्या हातचा मळ. मी निफाडकडचा, घरची विहीर, लहानपण काठावर गेलेलं. दोन तासांत चित्र केलं. वरून खाली बघतोय असं. गोल काठ, उतरत्या पायऱ्या, तळाशी गार हिरवं पाणी आणि त्यात ढग. अहाहा! माझ्याच चित्रावर मी खूश.

सरांनी ते हातात घेतलं आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “बोरस्ते सर, तुम्ही काठावर उभे राहून काढलंय.”

“मग कुठं उभं राहायचं?”

“कवितेत पाणी कुठे आहे, दाखवा.”

मी पुस्तक उघडलं. म्हटलं, आत्ता दाखवतो. एकदा वाचलं, दोनदा वाचलं. रहाटाचा आवाज होता. ओल होती, चमक होती, थेंब होता. पण विहिरीतलं पाणी कुठेच नव्हतं. वीस वर्षं पाठ असलेली कविता, आणि तिच्यात पाणीच नाही!

“बोलणारा माणूस वर चढलेलाच नाही,” सर म्हणाले. “त्याला आवाज ऐकू येतो. वरून येणाऱ्यांची पावलं दिसतात. दुसऱ्याच्या कळशीचा थेंब दिसतो. तो खाली उभा आहे, लांब. लोक म्हणतात ही सौंदर्याची कविता. अहो, ही तहानेची कविता आहे.”

“कवी कोण होता पण? म्हणजे कुठल्या...”

“कवी कोण होता ते मला माहीत नाही. बोलणारा कुठे उभा आहे तेवढं मला माहीत आहे. मी तिथे उभा राहिलोय.”

आमच्या विहिरीच्या खालच्या अंगालाही दोन-चार बाया रिकाम्या घागरी घेऊन बसलेल्या असायच्या. माझ्या चुलत्या वरून त्यांच्या घागरीत पाणी ओतायच्या, भांड्याला भांडं न लावता. मनात आलं तर लगेच, नाही तर दुपार टळल्यावर. मी ते रोज पाहिलं होतं. चित्रात मात्र एकही बाई आली नव्हती. लाज वाटली. ती अजून वाटते, म्हणून तर हे लिहायला बसलो.

त्या कवितेसाठी सरांनी चौदा वाक्यांची वही उघडलीच नाही. गाईडात त्यांनी लिहिलं: ‘या कवितेतील निवेदक विहिरीपासून दूर उभा आहे. माझी आई भिमाबाई अशीच विहिरीच्या खालच्या अंगाला रिकामी घागर घेऊन उभी राहायची. मी तिचा पदर धरून असायचो. मला पाणी दिसायचं नाही, ऐकू यायचं. ते ऐकू येणं म्हणजे ही कविता.’

“शेठ हे छापतील?” मी विचारलं.

“गाईड छापणारा गाईड वाचत नाही,” सर म्हणाले.

अगदी तसंच झालं. शेठनी पानं मोजली आणि छापली. माझं चित्रही तसंच छापलं, काठावरून काढलेलं. मी बदलून देतो म्हणालो, तर म्हणाले छपाईचा ब्लॉक तयार झालाय.

आता गाईडाचं एक असतं. पोरं ते वाचत नाहीत, पाठ करतात. ही साधी गोष्ट दहा वर्षं गाईड लिहिणाऱ्या माणसाच्या ध्यानात येऊ नये, याला काय म्हणावं?

पुढच्या मार्चात दहावीची परीक्षा झाली. एप्रिलात सरांकडे पेपरांचा गठ्ठा आला. विहिरीची कविता नेमकी प्रश्नपत्रिकेत होती. तिसऱ्या दिवशी सकाळीच सर माझ्या दारात उभे. सदऱ्याला इस्त्री नाही.

“सदतीस,” ते म्हणाले.

“काय सदतीस?”

“सदतीस पोरांची आई भिमाबाई आहे.”

मला आधी हसूच फुटलं. गठ्ठा कुठल्या केंद्राचा ते कळत नसे, पण एकाने शेवटी स्वतःचं एक वाक्य जोडलं होतं, ‘विहीर लय खोल शे’. हे ‘शे’ अहिराणीतलं, म्हणजे बागलाण-मालेगावकडचा असणार. पण बाकी सगळं शब्दाला शब्द. कुठल्या घरची पोरं कोण जाणे, ज्यांच्या घरात दोन-दोन नळ असतील तीही माझ्या मित्राच्या आईचा पदर धरून उभी होती. हसता हसता मी सरांच्या तोंडाकडे पाहिलं आणि थांबलो.

“बोर्डाचं नमुना उत्तर काय आहे?” मी विचारलं.

“ग्रामीण जीवनाचे मनोहारी चित्रण.” सर खाली बसले. “सूचना आहे, व्यक्तिगत मजकूर आढळल्यास विषयांतर समजून शून्य. बोरस्ते सर, मी माझ्या हाताने आईला सदतीस वेळा शून्य देऊ?”

“मग चार द्या.”

“पाठांतराला? आणि सदतीस चार दिले, की नियामक विचारणारच.”

नियामक पंचवटीत राहायचे. निवृत्त मुख्याध्यापक, करडे पण सरळ. त्यांच्यानंतर सरांचंच नाव लागणार अशी बोलवा होती. सरांनी दोन दिवस घोळ घातला आणि शेवटी सदतीसही पोरांना चारपैकी चार दिले. आठवड्यात बोलावणं आलं. सर म्हणाले, “चला माझ्याबरोबर. मला एकट्याला जमायचं नाही.”

नियामकांनी ओसरीतच पेपर पसरून ठेवले होते.

“पगारे, ही सरळसरळ गाईडाची नक्कल आहे. तुमच्यासारख्या जुन्या परीक्षकाच्या लक्षात येऊ नये? शून्य करा आणि सह्या करा. विषय संपला.” मग चष्मा काढून म्हणाले, “कुठल्या मूर्खाने लिहिलंय हे गाईड? ही भिमाबाई तरी कोण?”

मी मनात म्हणत होतो, गप्प राहा बाबा. शून्य कर, सही कर, पुढल्या वर्षी त्या खुर्चीत बस. भिमाबाईला काय कळणार आहे? तिला वाचता येत नाही.

“माझी आई,” सर म्हणाले.

“काय?”

“पोरं खोटं बोलतात, साहेब. बाई खरी आहे. नाशिकरोडला राहते. आणि तो मूर्ख मीच.”

नियामकांनी कवितेचं पुस्तक मागवलं, सावकाश वाचलं. मग परत वाचलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. आपण पाणी शोधायला गेलो आणि ते नाही, हे कळल्यावर माणूस कसा दिसतो ते मला चांगलं माहीत होतं.

“उत्तर बरोबर आहे,” ते शेवटी म्हणाले. “पण पोरांचं नाही. आणि नमुन्यात नाही.” बराच वेळ त्यांनी कपाळ चोळलं. “दोन-दोन द्या. तुमचं नाव मात्र मला बोर्डाला कळवावं लागेल, पगारे. माझा इलाज नाही.”

“कळवा,” सर म्हणाले. तिथेच बसून त्यांनी लाल पेनाने सदतीस ठिकाणी चाराचे दोन केले.

तिथून आम्ही बसने त्यांच्या घरी गेलो. भिमाबाई दारात तांदूळ निवडत होती. घोटीकडची बाई, साठी उलटलेली, आवाज खणखणीत. सरांनी तिला सगळं सांगितलं, गाईड, पोरं, नियामक, सगळं. आता नाव गेलं, परत कधी पेपर तपासायचे नाहीत, तेही सांगितलं. तिने सूप बाजूला ठेवलं.

“सदतीस लेकरं माझ्यासंगं उभी व्हती?”

“हो.”

“मंग? घातलं का पानी कुनी?”

सरांनी जरा विचार केला. “अर्धी घागर, आई.”

“तेव्हाबी अर्धीच घालायच्या,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “तुम्ही कुठले वो, मास्तर?”

“निफाडकडचा.”

“घरची हीर व्हती?”

खोटं बोलावंसं फार वाटलं. “होती,” मी म्हणालो.

ती उठून आत गेली आणि तांब्या घेऊन आली. काठोकाठ भरलेला, चालताना सांडत होता. माझ्या हातात दिला. मला तहान नव्हती, तरी मी तो सगळा प्यायलो. ती समोर उभी राहून बघत होती.