नऊ क्रमांकाचे कार्ड

आमच्या प्रौढ साक्षरता वर्गात माझ्या शेजारी जे गृहस्थ बसत, त्यांना सर्वजण लिफ्टमामा म्हणत. त्यांनी एकतीस वर्षे एका मोठ्या कचेरीत लिफ्ट चालवली होती. त्यांना आकडे वाचता येत नव्हते. कोणते बटण कितव्या मजल्याचे, हे त्यांनी जागेवरून पाठ केले होते. पुढे बटणे दाबायला माणसाची गरज उरली नाही आणि त्यांना निवृत्त करण्यात आले. पत्नी वारली होती. मुलगी परगावी असे व रविवारी फोन करी.

"लिफ्टमध्ये माणसं अंगाला अंग लावून उभी राहतात, पण तोंड सगळ्यांचं दाराकडे," असे ते एकदा वर्गातल्या स्वयंपाकीणमावशींना म्हणाल्याचे मी ऐकले होते. माझ्याशी ते फारसे बोलत नसत. मीही बोलत नसे. मी चाळीस वर्षे लोकांच्या कपड्यांना इस्त्री केली आहे. त्या कामात मान खालीच असते.

आमचा वर्ग सायंकाळी लहान मुलांच्या शाळेत भरे. बाके इतकी बुटकी, की गुडघे कोठे ठेवावेत हा रोजचा प्रश्न. शिकवणाऱ्या बाई काही विचारू लागल्या की मावशी आणि वर्गातले एक पहारेकरी हे दोघेच उत्तरे देत. आम्ही बाकीचे चौदाजण अंग चोरून बसत असू. या वयात चारचौघांत चुकणे जिवावर येते.

मग बाईंनी ती कार्डे आणली. प्रत्येकाला एक जाड कागद, त्यावर काळ्या चौकोनांची नक्षी आणि एक क्रमांक. कार्डाच्या चार बाजू म्हणजे चार उत्तरे. जे उत्तर वाटेल ती बाजू वर करून धरायची. बाई आपला मोबाइल सर्व वर्गावरून फिरवत आणि तो एका दमात सोळाही कार्डे वाचत असे. भिंतीवरच्या पडद्यावर फक्त एवढेच दिसे, की कोणत्या क्रमांकाचे उत्तर आले. बरोबर की चूक, ते केवळ बाईंच्या मोबाइलवर.

"म्हणजे मी चुकले तर या पहारेकऱ्याला कळणार नाही?" मावशींनी विचारले.

"नाही कळणार."

"मग आणा इकडे! आता बघा माझी हुशारी."

"तुमची हुशारी झाकली जाणार, ते बरंच झालं," पहारेकरी म्हणाले आणि वर्ग खो खो हसला.

त्या दिवसापासून सोळाही हात वर जाऊ लागले. मग सर्वजण वहीत मान घालून लिहू लागले, की ज्याचे उत्तर चुकले असेल, त्याच्याजवळ बाई बाकाच्या कडेवर टेकून बसत आणि हलक्या आवाजात समजावून सांगत. जाता जाता घरचे दोन शब्दही विचारत.

लिफ्टमामांचे कार्ड नऊ क्रमांकाचे होते. त्यांचे उत्तर नेहमी चुके. ते आधी एक बाजू वर करत, तिच्याकडे पाहत आणि मग कार्ड सावकाश फिरवत. मला वाटे, बिचाऱ्यांचा गोंधळ होतो. दोन सत्रे ते माझ्यासारखेच अनुत्तीर्ण होऊन त्याच बाकावर राहिले होते. जो उत्तीर्ण होई त्याला प्रमाणपत्र मिळे आणि त्याची जागा नव्या माणसाला जाई.

तिसऱ्या सत्राच्या परीक्षेच्या दोन दिवस आधी वर्ग सुटल्यावर बाई आमच्या बाकाशी आल्या. मी चपला शोधत होतो.

"मामा, या सत्रात चाळीस प्रश्न झाले. तुमचे चाळीसही चुकले."

"डोकं चालत नाही, बाई."

"डोळे मिटून कार्ड धरलं असतंत, तरी चारातलं एखादं बरोबर आलं असतं. दहाएक तरी. तुमचं एकही नाही. उत्तर माहीत असल्याशिवाय इतकं नेमकं चुकता येत नाही, मामा."

ते कितीतरी वेळ कार्डाची कड अंगठ्याने घासत राहिले.

"बरोबर आलं," ते म्हणाले, "की तुम्ही पुढच्या बाकावर जाता."

मी चपला हातात धरून तसाच उभा होतो. बाकावर त्यांच्या शेजारची जागा दीड वर्षे माझीच होती.

बाई म्हणाल्या, "मी कुणाला सांगणार नाही. पण जागेसाठी सातजण थांबलेत. त्यात एक आजी आहेत. मरायच्या आधी स्वतःचं नाव लिहायचंय म्हणतात. परवा काय करायचं ते तुम्ही ठरवा."

परीक्षेच्या दिवशी माझे लक्ष माझ्या कार्डापेक्षा त्यांच्या कार्डाकडेच अधिक होते. पहिला प्रश्न आला. त्यांनी योग्य बाजू वर धरली. त्यांची बोटे सवयीने वळू लागली, कार्ड अर्धे तिरके झाले. बाईंचा मोबाइल आमच्या रांगेकडे येत होता. मामांनी कार्ड पुन्हा सरळ केले. नंतर ते एकदाही फिरले नाही. वीसपैकी वीस.

प्रमाणपत्र त्यांनी उभे राहून, न अडखळता, खणखणीत आवाजात वाचून दाखवले. मावशी म्हणाल्या, "अगं बाई! हे तर छुपे रुस्तम निघाले!" टाळ्या पडल्या. निघताना त्यांनी दार धरून ठेवले आणि प्रत्येकाला "सावकाश, पायरी आहे" असे म्हटले. मी शेवटचा होतो.

"इस्त्रीवाले, बरेच दिवस बसलो आपण शेजारी."

"हो. कुठे राहता तुम्ही?" मी प्रथमच विचारले.

"मागच्या गल्लीतली उंच इमारत. सहावा मजला."

ते गेले. दाराचा क्रमांक त्यांनी सांगितला नाही आणि मला विचारायचे सुचले नाही. नंतर एकदा मी त्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावर गेलो होतो. तेथे आठ दारे होती. आठही पाट्या मी वाचल्या. आता मला वाचता येते. पण लिफ्टमामा असे कोणाच्याच पाटीवर नव्हते, आणि त्यांचे खरे नाव प्रमाणपत्र वाचताना एकदा कानावर पडले होते, ते मी लक्षात ठेवले नव्हते. अनोळखी दार वाजवण्याचा धीर झाला नाही.

मी त्या परीक्षेत दोन गुणांनी राहिलो. नव्या सत्रात माझ्या शेजारी त्या आजी बसल्या. त्यांना नऊ क्रमांकाचेच कार्ड मिळाले. एका बाजूची कड अंगठ्याने झिजून मऊ झाली होती. पहिल्याच प्रश्नाला आजींचे उत्तर चुकले. बाई येऊन बाकाच्या कडेवर टेकल्या. जागा पुरेना, म्हणून मी भिंतीपर्यंत सरकलो.

माझे उत्तर बरोबर आले होते.