गडग्यावरची तिजोरी

शेजारचा पोरगा बोटीवर नोकरीला. सुट्टीवर आला की सकाळी आमच्या अंगणाच्या दगडी गडग्यावर येऊन बसायचा, कारण मोबाइलला रेंज तिथंच. पगार त्यानं मोबाइलातल्या नाण्यांत, त्या क्रिप्टोत, घातलेला.

"काका, ही तिजोरी स्वतःच राबते. नाणी ठेवली की बक्षीस मिळतं, त्याची ती आणखी नाणी घेते, मुद्दलात टाकते. पुढचं बक्षीस वाढलेल्या मुद्दलावर. आपण हात लावायचा नाय."

"मग खायचं कधी रे मेल्या?" आमची ही चहा देताना विचारायची. तो नुसता हसायचा.

गेल्या साली ही गेली. यंदा त्याच्या नाण्याचा भाव पार बसला. तरी तो येतो, मोबाइल बघतो.

"आजपण नाणी वाढली, काका."

"मग काढ नि बांगडे आण."

"सगळी विकली तरी एक बांगडा यायचा नाय." त्यानं मान वर केली नाही. "पण तिजोरी थांबत नाय ना."

वेडा आहेस, असं म्हणणार होतो. पण मीसुद्धा अजून रोज दोन कप चहा करतो नि एक मोरीत ओततो. त्या दिवशी ओतला नाही. हिचा कप त्याला दिला. कपाचा कान तुटलाय, दोन्ही हातांनी धरावा लागतो. त्यानं मोबाइल खाली ठेवला.