नरहरीनं मान परत केला

वसईजवळच्या होळी गावात नरहरीची पानवेलींची वाडी होती. माणूस कष्टाळू, अबोल, आणि एका बाबतीत पुरता वेडा. दुसऱ्याची वस्तू घरात राहिली की त्याला अन्न गोड लागत नसे. शेजारची विळी आणली तर धार लावून परत. वाटीभर साखर आणली तर वर मूठभर घालून परत. विरारचे पाहुणे एकदा छत्री विसरून गेले, तर हा भर वैशाखात ती काखेत मारून चालत विरारपर्यंत गेला. उन्हानं डोकं तापलं तरी छत्री उघडली नाही, कारण ती दुसऱ्याची! त्याची बायको मथुरा म्हणायची, "मला बापाकडून आनलंय, तेवढं मला परत नेऊन सोडू नका म्हंजे झालं."

अशा माणसानं स्वतःला मिळालेला मान परत करायचं ठरवलं तेव्हा काय झालं, त्याची ही गोष्ट.

गावात उदय तरुण मंडळ होतं आणि मंडळाचं सेवा पथक होतं. खाडीचं पाणी गावात शिरलं, कुठं आग लागली, जत्रेत पोर हरवलं, की पथकाची पोरं खाकी चड्डीत धावत सुटायची. दर दसऱ्याला त्यांच्यातल्या एकाला 'पथकभूषण' म्हणून मान मिळे. चांदीचं पाणी दिलेला बिल्ला, शाल, नारळ, आणि मंडळाच्या भिंतीवरच्या फळ्यावर रंगानं नाव. नरहरीला तो मान तीनदा मिळाला होता. एकाहत्तरला पुरात तीन माणसं काढली म्हणून, त्र्याहत्तरला कामणच्या गवताच्या गंज्या विझवल्या म्हणून, आणि चौऱ्याहत्तरला कशाबद्दल ते आता त्यालाही नीट आठवत नव्हतं.

वाडीवाल्यांचं गाव, त्यामुळे मानाचा नारळ फोडून खायची तिथं रीत नव्हती. तो विहिरीच्या काठाशी रुजत घालायचा. म्हणून मंडळही सोललेला नारळ देत नसे, सालासकट अख्खा देई. नरहरीच्या तीन नारळांतला एक कुजला, दोन रुजले. त्र्याऐंशी साल उजाडेपर्यंत दोन्ही माड चांगले धरते झाले होते, नारळ देत होते.

पथकाचा प्रमुख जगन्नाथ. नरहरीपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा, उंच, ताठ, आवाज असा की शिट्टीची गरज नाही. पोहायला, दोर बांधायला, जखमेवर पट्टी गुंडाळायला पोरांना त्यानंच शिकवलं. एरवी तो आणि हिलरी मिळून विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान चालवत. हिलरी शेजारच्या ख्रिस्ती आळीतला, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवणारा. दुकानामागच्या दोन खोल्यांत दोघं राहत. बंद पडलेलं इंजिन हिलरीनं कान लावून ऐकलं की सुरू झालंच म्हणून समजा.

त्या उन्हाळ्यात भागूबाईनं जगन्नाथसाठी स्थळ आणलं. भागूबाईनं लावलेली लग्नं मोजायला गाव कमी पडावं. चाळिशीला आलेला जगन्नाथ तिच्या डोळ्यांत पंधरा वर्षं सलत होता. ती हट्टालाच पेटली तेव्हा त्यानं तिला समोर बसवलं, पाणी दिलं आणि सरळ सांगितलं, "मावशे, मला बाईशी लगीन करायचं नाय. माझा संसार हाय. हिलरीबरोबर हाय. पोरीचं वाटोळं करू नको."

खरं बोलणाऱ्याचं घर उन्हात. चार दिवसांत गोष्ट गावभर झाली. गंमत म्हणजे अर्ध्या गावाला ती आधीपासून ठाऊक होती. पण ठाऊक असणं वेगळं आणि तोंडावर सांगितलं जाणं वेगळं. मंडळाची सभा बसली आणि ठराव झाला, की असल्या वृत्तीच्या इसमास पथकात किंवा मंडळात जागा नाही. खाली अध्यक्ष हरिभाऊंची सही. हरिभाऊ म्हणजे नरहरीचे सख्खे चुलते. मला विचाराल तर त्या दोघांच्या संसारानं गावातल्या एका केळीचं पानही फाटलं नव्हतं. पण मला कोण विचारतो!

सभेच्या वेळी नरहरी वाडीत केळीच्या सोपटानं, म्हणजे वाळल्या सालीच्या पट्टीनं, वेल बांधत होता. घरी आल्यावर मथुरानं त्याला सगळं सांगितलं.

"तुमाला ठाव होतं?" तिनं विचारलं.

"होतं."

"मग मला कदी बोललात नाय ते?"

"त्यात बोलायचं काय? तुजंमाजं कोन बोलतं?"

तो जेवला नाही. पेटी उघडून तिन्ही बिल्ले काढले आणि चिंचेनं घासत बसला. मथुरा समजायचं ते समजली. ज्या मंडळाला जगन्नाथ चालत नाही, त्याचा बिल्ला आता नरहरीच्या लेखी दुसऱ्याची वस्तू झाला होता.

शालींची पंचाईत होती. दोन जपून ठेवल्या होत्या, तिसरीची मथुरानं पोरगी झाली तेव्हा तिच्यासाठी गोधडी शिवली होती. तिनं तीही धुऊन, घडी घालून दिली. नरहरी मात्र ओट्यावर उभा राहून विहिरीकडे बघत होता.

"आता माड उपटून न्याल काय?" मथुरानं विचारलं.

"माड कसा उपटू? पन त्याचं फळ आपलं नाय आता."

दसऱ्याला, भर कार्यक्रमात, नरहरीनं हरिभाऊंच्या पुढ्यातल्या टेबलावर बिल्ले, दोन शाली, एक गोधडी आणि सतरा नारळांचं पोतं ठेवलं.

"हे काय रे नरहरी?"

"मान परत करतो, काका. फळ्यावरचं नाव बी पुसा. जगूदादा जिथं चालत नाय तिथं माजं नाव नको."

"गावात तोंड दाखवायचं हाय आमाला. पोरांचं पथक हाय ते."

"मी बी पोर होतो. पुरात दोर त्याच्याच हातात होता. मला काय झालं?"

हरिभाऊंनी पोतं उघडून आत पाहिलं. नारळ नेमके कशाचे, हे त्यांना उमगलं नाही. ते कळलं दीड महिन्यानं, पुढची पाडणी झाल्यावर. नरहरीनं पुन्हा पोतं आणून मंडळाच्या ओट्यावर ओतलं. मग पुन्हा, आणि पुन्हा. परत आलेला मानाचा नारळ खावा कसा, विकावा कसा आणि टाकावा तरी कसा! मंडळाच्या दारात ढीग वाढला. काहींना कोंब फुटले. येणारा-जाणारा विचारी, हे कसले नारळ? आणि दर वेळी कुणीतरी सगळी कहाणी पहिल्यापासून सांगे.

नरहरी खूश होता. आपण मित्रासाठी काहीतरी करतोय, असं त्याला वाटत होतं. एवढा सरळ माणूस, आणि एवढा आंधळा! एकदा साध्या तोंडानं जगन्नाथला विचारावं, हे त्याच्या मनातही आलं नाही.

शिमग्याच्या सुमाराला जगन्नाथच वाडीत आला. डोळे लाल, ओठ घट्ट मिटलेले.

"नऱ्या, बंद कर तुजे नारळ."

"का? त्यांना लाज वाटायलाच होवी."

"लाज त्यांना वाटत नाय, ती हिलरीच्या आईला वाटते. त्याच्या बहिनीचं, थेरेसाचं, लगीन ठरतंय. लोक विसरायला लागले का तू पोतं ओततोस. दर दीड महिन्याला आमी दोगं चव्हाट्यावर. तू मला एकदा तरी विचारलंस?"

नरहरीच्या हातातली सोपटाची पट्टी गळून पडली. दुसऱ्याची छत्री उघडायला न धजणारा हा माणूस, दुसऱ्याचं अख्खं आयुष्य न विचारता उघडून बसला होता. तो वेलीच्या सरीतच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

"चुकलं दादा. आत्ता जातो, सगळे उचलून आनतो."

जगन्नाथनं पडलेली पट्टी उचलली. मग तोही सरीत बसला.

"आता उचललेस तर दुप्पट बोलतील," तो म्हणाला. "चल. मी येतो बरोबर. लपून ऱ्हायचा वीट आला मला."

मंडळाच्या ओट्यावर हरिभाऊ पेपर वाचत होते. वर्षभरात पहिल्यांदाच जगन्नाथ त्या पायऱ्या चढला. हरिभाऊ सावरून बसले.

"तू बी परत करायला आलास काय?" त्यांनी विचारलं. आवाजात थोडा टोमणा होता.

"काय परत करू, काका?" जगन्नाथ शांतपणे म्हणाला. "चौदा वर्सं पथक चालवलं. मला तुमी कदी काय दिलंच नाय."

हरिभाऊंनी नकळत फळ्याकडे पाहिलं. नरहरीनंही पाहिलं. चौदा दसऱ्यांची नावं होती, सगळी जगन्नाथनं शिकवलेल्या पोरांची. दर वर्षी त्यातलं एक नाव त्यानंच सुचवलं होतं, आणि त्याचं नाव सुचवायला कुणी नव्हतं. तीनदा मान घेऊन घरी गेलेल्या नरहरीलाही ते कधी सुचलं नव्हतं. त्याला भर दुपारी फार लाज वाटली.

हरिभाऊंनी पेपराची घडी घातली. "खरं हाय," एवढंच ते म्हणाले. ठराव काही त्यांनी फाडला नाही. तेवढी छाती त्यांच्याकडे नव्हती, आणि मंडळाच्या वहीत तो अजूनही असेल. पण नारळांचा ढीग त्यांनी पोरांकडून उचलवला आणि खाडीच्या बांधावर ओळीनं रुजत घातला.

परतताना दोघं खाली मान घालून चालत होते. दुकान आलं. आत हिलरी कुठल्याशा इंजिनाशी झटत होता.

"रागावलास, दादा?" नरहरीनं विचारलं.

"होय."

"अजून?"

"अजून." जगन्नाथ पायरीवर थांबला. "रातच्याला मथुराला घेऊन जेवायला ये. हिलरीनं कोलंबी आनलीय. आमच्या घरी ये."

इतक्या वर्षांच्या दोस्तीत नरहरी त्या दुकानामागच्या खोल्यांत कधी गेला नव्हता. चहा दुकानातच व्हायचा, गप्पा दारातच व्हायच्या. दोघांनीही त्याला कधी आत बोलावलं नव्हतं, आणि यानंही कधी पाऊल पुढं टाकलं नव्हतं. घरी येऊन त्यानं मथुराला निरोप सांगितला. तिनं लगेच चांगलं लुगडं काढलं आणि विचारलं, "कोनाकडं जायचंय म्हनालात?"

"जगूदादा आनि हिलरीच्या घरी," नरहरी म्हणाला, आणि पाय धुवायला विहिरीवर गेला.