आप्पांकडे वळणारा अँटेना

माझं माहेर पाबळचं. वेल्डिंग तिथंच शिकले, घरबसल्या जगभर बोलता येतं त्या हॅम रेडिओचं लायसन्सही लग्नाआधीच काढलं होतं. त्यामुळे कासुर्डीला सासरी आल्यावर गच्चीवर मोठा अँटेना उभारायचं ठरवलं, तेव्हा त्याचा खांब मीच जोडला. अॅल्युमिनियमच्या आडव्या नळ्यांचा त्यावरचा सांगाडा माशाच्या काट्यासारखा दिसायचा, फक्त मासा आमच्या पिकअपपेक्षा लांब होता. एका रविवारी नवऱ्यानं आणि शेजाऱ्यांनी दोर ओढले, मी खालून ओरडत राहिले आणि खांब उभा राहिला.

दुसऱ्याच दिवशी शेजारी राहणारे चुलत सासरे आले. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. या टावरच्या लहरींनी आपली पपई गळणार, असं त्यांचं म्हणणं. हा मोबाईलचा टावर नाही, लांबच्या माणसांशी बोलायचं साधन आहे, जिकडं तोंड करू तिकडचं चांगलं ऐकू येतं, असं मी परोपरीनं सांगितलं. ते गावभर पपईचंच सांगत सुटले.

मग मला राहवलं नाही. अँटेनाखाली मोटर असते. खोलीतलं बटण दाबलं की तो सावकाश वळतो. हे आप्पांना ठाऊक नव्हतं. मी गंभीरपणे म्हणाले, "आप्पा, जपून बोला. त्याला कुणी नावं ठेवली की त्याचं तोंड तिकडं वळतं."

आप्पा हसले. पण संध्याकाळी स्वतःच्या ओट्यावर उभे राहून मुद्दाम मोठ्यानं अँटेनाला नावं ठेवू लागले. खिडकीजवळ, बटणापाशी सासूबाई बसल्या होत्या. या दिरानं जन्मभर त्यांच्या आमटीला नावं ठेवलेली, त्यामुळे त्या आपणहून तयार झाल्या होत्या. अँटेना कुरकुरत आप्पांकडे वळला. आप्पा विहिरीकडं गेले, तर तोही तिकडं वळला.

काही दिवसांनी एका सकाळी आप्पा आपल्या मेव्हण्यांना घेऊन आले. शिक्रापूरला मेव्हण्यांच्या भाड्यानं दिलेल्या खोल्या आहेत आणि त्या तोऱ्यात ते पाहुण्यांत आपली निंदा करतात, असा आप्पांचा संशय होता. अंगणात चहा घेताना आप्पांनी त्यांना अँटेनाचा गुण सांगितला. हा माझ्या घरच्यांची निंदाबी वळखतो, असं वर जोडलं आणि शांतपणे म्हणाले, "वहिनी, आत तुमचं काय काम राहिलं असंल तर करून या."

सासूबाई आत गेल्या. अँटेना वळत वळत मेव्हण्यांच्या दिशेला थांबला. त्यांनी कप खाली ठेवला. "मी येकदाच बोललो," ते म्हणाले, "ते बी लग्नात."

ते गेल्यावर मी आप्पांना विचारलं, बटणाचं कवा कळलं?

"पैल्याच दिवशी. वहिनींचा पदर खिडकीतनं भाईर आलता."

त्यानंतर आप्पा रोज रेडिओपाशी येऊन बसू लागले. एकदा इटलीतला एक शेतकरी सापडला. त्याच्याकडं म्हशी आहेत, असं मी सांगताच आप्पांनी खुर्ची पुढं ओढली.

"इचार," ते म्हणाले, "कडबा घालतो का त्यो?"

इंग्रजीत कडब्याला काय म्हणायचं ते मला आठवेना, आणि तोवर आवाज विरून गेला. आप्पा अजून म्हणतात, मी मुद्दाम बंद केलं.