पाहणाऱ्याचा ग्रह

रविवारी सकाळी नेन्यांच्या परसात चहाला आम्ही तिघे होतो: शेजारी नेने, मी आणि माझी बायको सुनीता. नेने आणि मी, दोघेही दुर्बिणीला कॅमेरा लावून आकाशाचे फोटो काढतो. नेन्यांची दुर्बीण पाच इंची, माझी आठ इंची. तरी त्यांनी दाखवलेल्या फोटोत ताऱ्यांच्या गर्दीत एक हिरवट निळं, चिमुकलं कडं होतं. मरणाऱ्या ताऱ्याने सोडलेला तो वायू.

"अगदी काचेची बांगडी!" सुनीता म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "तुमच्या फोटोत असं काही का येत नाही हो?"

"रंग मागाहून भरला असेल," मी म्हणालो.

नेने हसले. "अहो, आकाशाचा हाच तुकडा तुम्हीही टिपलात की. काढा बघू."

मी मोबाइलवर माझा तो फोटो उघडला. त्यांनी तो बोटांनी मोठा केला. तेच कडं तिथे होतं. फोकस चुकलेला तारा समजून मी ते सोडून दिलं होतं.

अशा कड्यांना ग्रहीय तेजोमेघ म्हणतात. ग्रहांशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. जुन्या दुर्बिणींतून ते ग्रहांसारखे गोल दिसले आणि पाहणाऱ्यांचा तसा ग्रह झाला. नेन्यांबद्दल माझाही एक ग्रह होता, इंचांवर बेतलेला. तो दूर झाला, जळफळाट मात्र राहिला. उजेड माझ्या दुर्बिणीत आला होता आणि ओळखला त्यांनी.

"छान आलाय तुमचा फोटो," मी शेवटी म्हणालो. नेन्यांना दाद दिली, पण हात राखूनच.